पुलावरून गरवायला रॉड आणि रील कोणतं घ्यावं?

दांडियाबाजारी

नमस्कार मंडळी.

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारात माझी चौथी पिढी. आजोळ मात्र रेवदंड्याच्या बाजूला, कुंडलिका खाडीच्या एका फाट्यावर. लहानपणी दर मे महिन्यात मामाबरोबर गावच्या पुलावर गरवायला, म्हणजे गरीने मासे पकडायला, बसायचो. लाकडी रिळावर गुंडाळलेला तंगूस म्हणजे नायलॉनचा दोर, टोकाला शिसं, वर गरी आणि गरीला जिवंत कोलंबी, एवढाच सरंजाम. दोरी तर्जनीवर घ्यायची आणि गप्प बसायचं. मासा आधी दोरीशी बोलतो, मग गरीशी, असं मामा म्हणायचा. त्याच्या तर्जनीला तंगुसाने कापल्याची आडवी खूण होती, ती शेवटपर्यंत गेली नाही.

मामा दोन वर्षांपूर्वी गेला. या दिवाळीत चौदा वर्षांच्या लेकीला घेऊन त्याच पुलावर जायचं ठरवलंय. तिच्या बोटाला तशी खूण नको, म्हणून रॉड आणि रील घेतोय. मला यातलं काही कळत नाही. एका दुकानदाराने १२ फुटी रॉड आणि ८००० नंबरचं रील दाखवलं. दुसरा म्हणाला साडेसहा फूट आणि २५०० पुरे. दोघंही ठामपणे सांगतात.

कठडा कमरेइतका आहे. ओहोटीला पाणी बरंच खाली जातं. मिळालं तर शिंगाळा, तांबोशी, नशीब असेल तर जिताडा. दोन्ही मिळून आठ हजारांपर्यंत खर्च करीन. काय घ्यावं?

फिरकीवाला

१२ फुटी नको. तो समुद्राच्या पुळणीवरून लाटांपलीकडे फेकायला असतो. पुलावर मासा तुमच्या पायाखाली, खांबाशी असतो. शंभर मीटर लांब फेकून काय मिळणार?

रेल्वेकॉलनी

फिरकीवाला, इतकं सरळ नाही ते. मी प्रतापनगरचा, नोकरीमुळे वीस वर्षं पश्चिम किनाऱ्यावर फिरलो आणि बहुतेक सगळीकडे १० फुटी वापरला. आखूड रॉडने दोर कठड्याच्या काँक्रीटला घासतो. प्रवाह दोर पुलाखाली ओढू लागला की लांब रॉडने तो बाहेर धरता येतो. खांबाला वळसा घालू पाहणारा मासाही लांब रॉडने बाजूला काढता येतो. आखूड रॉडवाले तिथेच दोर तोडून घेतात.

खाडीकाठ

मूळ उरणचा, सध्या मांजलपूर. रॉड निवडण्याआधी मासा पुलाखाली कुठे असतो ते बघू, मग लांबीचा प्रश्न अर्धा सुटतो.

भरती-ओहोटीचं पाणी खांबावर आदळून दोन बाजूंनी फुटतं. खांबामागे, म्हणजे पाणी जिकडे चाललंय त्या बाजूला, शांत खळगा तयार होतो. मोठा मासा तिथे ताकद न घालवता थांबतो आणि वाहत आलेली कोलंबी, लहान बोय टिपतो. म्हणून प्रवाह ज्या बाजूने बाहेर पडतो त्या कठड्याशी उभं राहायचं आणि खांबाच्या रेषेत सरळ खाली सोडायचं. दिशा उलटली की आपणही पलीकडच्या कठड्याला. रात्री पुलावर दिवे असतील तर पाण्यावर उजेड आणि सावलीची कड दिसते. जिताडा सावलीत थांबून उजेडातल्या माशावर झेपावतो, म्हणून आमिष त्या कडेवर पाहिजे.

खाडीत जोर प्रवाहाचा असतो, तेव्हा ६० ते १०० ग्रॅम शिसं लागेल. रॉडच्या बुडाशी किती ग्रॅम पेलतो ते छापलेलं असतं, ते वाचूनच घ्या. २५०० च्या रीलबरोबर येणारे नाजूक रॉड बहुधा १०-२० ग्रॅमचे असतात. त्यावर १०० ग्रॅम लावलं तर मासा लागण्याआधीच शेंडा वाकून बसेल, चावा कळणार कसा?

आणि शिसं मुख्य दोराला थेट बांधू नका. हातभर कमकुवत तंगुसाने बांधा. खडकात अडकलं तर तेवढंच तुटेल, गरी आणि मासा वाचेल.

दांडियाबाजारी

खाडीकाठ, हे मामाने कधी शब्दांत सांगितलं नव्हतं, पण तो दुपारनंतर जागा बदलायचा हे आत्ता आठवलं. मला वाटायचं उन्हामुळे.

मोजपट्टी

मी गणित शिकवतो, एक साधा हिशोब मांडतो. पाण्यात माशाचं वजन जवळजवळ जाणवत नाही, फक्त त्याची ओढ जाणवते. पाण्याबाहेर निघाला की पूर्ण वजन दोरावर येतं. नदीकाठी हा प्रश्न नसतो, आपण त्याला सरपटत काठावर आणतो. पुलावर तो हवेत लटकतो.

३ किलोचा मासा धरा. रॉडचं बूड पोटाशी, पुढचा हात बुडापासून अर्ध्या मीटरवर, शेंडा बुडापासून आडवा २.४ मीटर दूर, म्हणजे ८ फुटी रॉड. पुढच्या हाताला ३ × २.४ ÷ ०.५, म्हणजे १४ किलोहून जास्त भार येतो. १२ फुटी घेतला तर शेंडा ३.६ मीटरवर, आणि तोच मासा साडेएकवीस किलोचा होतो. चौदा वर्षांच्या मुलीने किती वेळ धरायचं?

हात दुखतो म्हणून माणसं रॉड उभा करतात. मग सगळा वाक शेंड्याच्या वीतभर भागात येतो आणि रॉड तिथेच मोडतो.

रेल्वेकॉलनी

मोजपट्टी, हिशोब मान्य. मी मोठा मासा रॉडने वर घेतच नाही, हे वर लिहायचं राहिलं.

कारेलीबागची_मीरा

माझ्या मते या चर्चेचा खरा प्रश्न हाच आहे. आधी मासा वर कसा आणणार ते ठरवा, मग रॉड.

मी आणि माझे वडील दमणला खूप गरवायचो. वडिलांचा नियम होता, उचलजाळी पुलावर नसेल तर गरी पाण्यात जाणार नाही. लोखंडी गोल कडं, त्याला झोळीसारखी जाळी, कड्याला तीन ठिकाणी बांधलेल्या दोऱ्या वर एकत्र आणून जाड दोराला. मासा दमला की एकाने रॉड धरायचा, दुसऱ्याने जाळी प्रवाहाच्या खालच्या अंगाला सोडायची, माशाचं डोकं जाळीवर आणायचं आणि जाळी ओढायची. रॉडवर वजन येतच नाही. मग ८ फुटी मध्यम-जड रॉडही पुरतो आणि मुलीलाही पेलतो.

दोन माणसं मात्र हवीत. एकट्याने करायला गेलं की लक्ष दोन्हीकडे जातं आणि कठड्यावर नको तितकं वाकणं होतं.

खाडीकाठ

मीराताई, एकदम बरोबर. आमच्याकडे चिंबोऱ्यांसाठी फग लावतात, तशीच ही, फक्त घेर मोठा आणि दोर लांब.

अंकुर_वाडी

अवांतर विचारतो. रेवदंड्यापर्यंत कशाला जायचं? इथे बडोदा शहरातच विश्वामित्री नदीवर इतके पूल आहेत. काला घोड्याजवळ उभं राहिलं तर मासे उडताना दिसतात.

कारेलीबागची_मीरा

अंकुर, नको रे. तिथे मगरी आहेत, आणि थोड्याथोडक्या नाहीत. ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या वस्तीत शिरल्या होत्या, आमच्या सोसायटीच्या फाटकापर्यंत पाणी होतं आणि रात्रभर आम्ही बॅटरी मारून बघत होतो. मगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. गरीला लागलेला मासा तडफडायला लागला की ती येणार. मग गरी तिच्या जबड्यात, दोर तुझ्या हातात. तिला इजा, तुला धोका. शिवाय शहराचं सांडपाणी त्याच नदीत जातं, तो मासा खायचा तरी कसा?

फिरकीवाला

+१. विश्वामित्रीच्या पुलावर फक्त बघायला उभं राहायचं. लहानपणी आजोबा सयाजीबागेतून येताना पुलावर थांबवायचे आणि आम्ही मगरी मोजायचो. तो आनंद वेगळा.

अंकुर_वाडी

समजलं, मीराताई. बरं झालं विचारलं. मही नदीचं काय मग?

रेल्वेकॉलनी

महीच्या खालच्या अंगाला खंभातच्या आखाताची भरती येते. भारतातला भरती-ओहोटीचा सगळ्यात मोठा फरक याच आखातात. पाणी गाळाने गढूळ आणि वेग भयंकर, कोकणातला १०० ग्रॅमचा अंदाज तिथे चालत नाही. आणि हमरस्त्यांच्या पुलांवर थांबूच नये. ९ जुलै २०२५ ला मुजपूर-गंभीरा पूल कोसळला, गाड्यांसकट माणसं महीत गेली. तेव्हापासून कुठल्याही पुलावर पाय ठेवताना मी आधी बघतो, वाहनं किती जड, पदपथ वेगळा आहे का, फलक काय सांगतो. मासे पकडायला मनाई लिहिली असेल तर वाद न घालता निघायचं.

आणि विजेच्या तारा. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते. रेल्वेच्या वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात, स्पर्श व्हायचीही गरज नसते, जवळ गेला तरी झटका बसतो. रेल्वेपुलाशेजारी किंवा तारांखाली रॉड उभा करायचाच नाही. मी आयुष्य रेल्वेत काढलंय, ही गोष्ट कितीही वेळा सांगेन.

दांडियाबाजारी

गावच्या पुलावरून दिवसाला दोन एसट्या आणि काही रिक्षा जातात, पदपथ आहे, तारा पलीकडच्या काठाने जातात. तरी जाताच पुन्हा बघीन. रॉड ८ फुटी, हे जवळपास ठरलं. आता रील आणि दोर सांगा. दुकानदार म्हणतो ब्रेडच, म्हणजे धागे विणून केलेला दोर घ्या, बारीक असून ताकद जास्त.

फिरकीवाला

आता माझ्या आवडीचा विषय आला. बडोद्याच्या माणसाला रील समजावणं सोपं, कारण उत्तरायणाला आपण सगळे तेच करतो. पतंग दूर ओढ घेतो तेव्हा ढील देतो, सैल पडला की खेंचतो. रीलचा ड्रॅग म्हणजे ढील. मासा जोरात पळाला की रील ठरावीक ताणावर आपोआप दोर सोडतं, नाहीतर दोर तुटतो. किती ढील? दोराच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतक्या ओढीला सुटली पाहिजे. ३० पौंडाचा दोर म्हणजे साडेतेरा किलो, तर साडेतीन ते साडेचार किलोवर. अंदाज करू नका. घरी स्प्रिंगचा काटा दोराच्या टोकाला लावून ओढा आणि आकडा बघा.

ब्रेडबद्दल दुकानदार अर्धं खरं सांगतोय. बारीक असल्याने प्रवाहात कमी ओढला जातो, कमी शिसं पुरतं, ताणत नाही म्हणून चावा लगेच कळतो. पण घासायला फार कच्चा. खांबांवर कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या धारेला ताणलेला ब्रेड लागला की संपलं. म्हणून पुढे दीड-दोन मीटर जाड तंगुसाचा लीडर, ५० पौंडांच्या आसपास. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कडसुद्धा पात्यासारखी असते, तिथेही लीडरच वाचवतो.

आणि मांजा गळ्याला काय करतो ते आपल्याला माहीत आहे. ब्रेड त्याच जातीचा. मागे रस्ता असताना डोक्यावरून फेकू नका, एखादा दुचाकीवाला येईल. पुलावर खालून झुलवून सोडायचं. अडकलेला ब्रेड हाताला गुंडाळून कधीही ओढू नका, लाकडाच्या दांडक्याला गुंडाळा. मामांच्या बोटाची खूण तुम्हीच लिहिली आहे.

खाडीकाठ

फिरकीवाला, उत्तम. मी मात्र नव्या माणसाला, त्यातून मुलीला, जाड मोनो म्हणजे साधा तंगूसच देईन. ताणतो, चुका सांभाळून घेतो, गाठ सोपी पडते, स्वस्त. ब्रेड आणि लीडर जोडायची गाठ नीट जमली नाही तर मासा त्याच गाठीतून जातो.

फिरकीवाला

गाठ दोन संध्याकाळी घरी बसून शिकता येते. ३० फुटांखालचा चावा ताणणाऱ्या तंगुसातून मुलीला कळला नाही तर तिचं मन कसं रमेल? मी ब्रेडवर कायम.

मोजपट्टी

रीलच्या दातांबद्दल भर घालतो. डब्यावर ४.८ : १ किंवा ६.२ : १ असं लिहिलेलं असतं. हँडल एकदा फिरवलं की दोर गुंडाळणारा भाग तितके वेढे घेतो. मोठा आकडा म्हणजे वेग, लहान आकडा म्हणजे जोर. सायकलच्या गिअरसारखंच. पुलावर सरळ वर ओढायचं असतं, तिथे लहान आकडा बरा.

रेल्वेकॉलनी

सरळ वर ओढायला आडव्या ड्रमचं रील सगळ्यात भक्कम, मी तेच वापरतो. पण नव्याच्या हातात ड्रम मोकळा सुटला की दोराचा गुंता होतो आणि अख्खी भरती तो सोडवण्यात जाते. तुम्ही स्पिनिंगच, म्हणजे दोराची रिळी न फिरता स्थिर राहते ते रील घ्या, ५००० नंबर, ड्रॅग किमान ८ किलोचा. ८००० चं वजन मुलीच्या मनगटाला जड. पैसे वाचवायचे तर रॉडवर वाचवा, रीलवर नको. खाऱ्या पाण्यात स्वस्त रील एका सुट्टीत गंजतं. दर संध्याकाळी गोड्या पाण्याने हलकेच धुवायचं, नळाची जोरदार धार मारायची नाही, मीठ आत ढकललं जातं.

रॉड काचतंतूचा (फायबरग्लासचा) किंवा कार्बन आणि काचतंतू मिश्र घ्या. निव्वळ कार्बन हलका असतो, पण कठड्यावर आपटला की दिसणारही नाही अशी चीर पडते आणि ऐन वेळी फुटतो.

कारेलीबागची_मीरा

आणि रॉड दोराने कठड्याला बांधून ठेवा. टेकवून चहा प्यायला वळलं की मासा अख्खा रॉड घेऊन खाली जातो. वडिलांचा एक असाच गेला, त्यांनी आठवडाभर घरात विषय काढू दिला नव्हता.

नारळीभात

मला गरवण्यातलं काही कळत नाही, खाण्यातलं कळतं. जिताडा मिळाला तर डोकं टाकू नका. आमच्या सीकेपी घरात डोक्याचं कालवण आधी संपतं, तुकड्या मागे राहतात.

खाडीकाठ

नारळीभात, मान्य! पण एक विनंती. जिताडा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि वाढल्यावर मादी होतो. म्हणजे खूप मोठा जिताडा हा बहुतेक अंडी देणारी मादी. तीन-चार किलोचा घरी न्या, त्याहून फार मोठा मिळाला तर फोटो काढून सोडा. सोडतानाही पुलावरून फेकू नका, जाळीत ठेवून पाण्यापर्यंत उतरवा. आणि शिंगाळ्याच्या पाठीवरच्या व दोन्ही बाजूंच्या काट्यांना विष असतं, लेकीला हात लावू देऊ नका, जाड फडक्याने धरा.

नारळीभात

हे माहीत नव्हतं. सोडाल तेव्हा माझ्या वतीनेही सोडा.

दांडियाबाजारी

घेतलं मंडळी. ८ फुटी, दोन तुकड्यांचा मिश्र रॉड, ४० ते १०० ग्रॅमचा. ५००० चं स्पिनिंग रील, ४.९ : १. दोराबाबत दोघांचंही ऐकलं. जोडीला एक जास्तीची स्पूल, म्हणजे दोर गुंडाळायची रिळी, आली होती, एकीवर ब्रेड, दुसरीवर तंगूस. आठ हजारांत थोडे उरले. जाळी स्वतः करतोय. लेक रोज रात्री गाठ बांधते आणि माझी तपासते.

भरतीची वेळ कशी काढायची? मामा पंचांग बघायचा एवढं आठवतं.

खाडीकाठ

तिथीची पाऊणपट. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. कोकण किनाऱ्याला हे चांगलं बसतं, खाडीत जितकं आत जाल तितका थोडा उशीर. लक्ष्मीपूजनाला अमावास्या, तेव्हा उधाण असेल, पाणी फार जोरात. तुम्ही भाऊबीज उलटून चार-पाच दिवसांनी, भांगेच्या, म्हणजे कमी जोराच्या, भरतीला बसा. पाणी थांबून दिशा बदलतं तो अर्धा-पाऊण तास सोडू नका.

दांडियाबाजारी

(परत आल्यावर)

सविस्तर लिहितो, तुमचं सगळ्यांचं देणं आहे.

पहिल्या दिवशी काहीच केलं नाही, फक्त मोजलं. दोराला फुटाफुटावर गाठी मारून शिसं सोडलं. भरतीला पाणी १९ फुटांवर, ओहोटीला २७. जाळीचा दोर मी २५ फुटी नेला होता! दुकानातून वाढवून आणला. हे घरून करता आलं असतं, तर ज्यांना जायचंय त्यांनी अंदाजापेक्षा दहा फूट जास्तच दोर न्यावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन शिंगाळे, ब्रेडवर. चावा खरंच टकटक असा कळतो, लेक आधी दचकली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाणी थांबायच्या बेतात असताना तिसऱ्या खांबामागे, मामाच्याच जागेवर, जिवंत कोलंबीवर काहीतरी लागलं. रील ओरडायला लागलं. लेक म्हणाली बाबा, ढील देऊ का? मी म्हटलं ते आपलं आपण देतंय, तू फक्त धर. तो दोनदा खांबाकडे गेला. रेल्वेकॉलनी काका, तेव्हा तुमच्या १० फुटीची आठवण झाली, आठ फुटाने जेमतेम बाहेर काढला. दोर वर घेतला तेव्हा लीडर हातभर खरखरीत झाला होता, कालवांवर घासलेला. तंगुसाचा लीडर नसता तर तिथेच संपलं असतं.

मामेभावाने जाळी सोडली. पहिल्या वेळी मासा जाळी बघून पळाला. दुसऱ्या वेळी डोकं आत आलं. जिताडा, तीन किलो दोनशे. मोजपट्टी सर, तुमचं उदाहरणच वर आलं.

मामीने डोक्याचं कालवण केलं आणि पहिली वाटी मामाच्या फोटोसमोर ठेवली. लेक दुसऱ्या दिवशी तर्जनीवर तंगूस घेऊन बसली, रॉड बाजूला ठेवून. मी काही बोललो नाही, फक्त बोटाला चिकटपट्टी गुंडाळून दिली.

कारेलीबागची_मीरा

वाचताना घशाशी आलं हो दादा. लेकीला शाबासकी सांगा.

रेल्वेकॉलनी

पुढच्या वेळी माझा १० फुटी घेऊन जा. प्रतापनगरला येऊन न्या.

अंकुर_वाडी

दादा, मीही डिसेंबरात दमणला जातोय. जाळीचा घेर किती ठेवलात? कडं कुठून आणलं?

दांडियाबाजारी

सायकलची जुनी रिंग, दोन फुटांपेक्षा थोडी जास्त. आरे काढून टाकले, जाळी नायलॉनच्या सुतळीने विणली, तळाला पाव किलो शिसं, नाहीतर प्रवाहात तरंगते. काकांचा रॉड घ्यायला रविवारी प्रतापनगरला जाणार आहे, तिथेच ये, जाळी देतो.